बेघर डब्यातली कार्डं

११ जानेवारी १९६५, सोमवार

वाळवी! गावांच्या कार्डांच्या पेटीचा तळ पोखरून थेट मेहकरच्या कार्डांपर्यंत पोचली होती. सकाळी पेटी उचलली तर खाली माती सांडली, आणि मातीत कार्डांचे तुकडे. नीळकंठराव म्हणाले, "पारस्करबाई, ही तुमच्याही आधी एम.ए. झाली. सगळं वाचून काढलं." आमच्या चिखलीच्या ऑफिसातले ते सगळ्यात जुने कारकून, त्यांना हसू येतं. मला रडू येत होतं.

पण दिवसभर बसून पेटी पुन्हा उभी केली! माणसाच्या कार्डावर त्याच्या घराचा नंबर असतो, घराच्या कार्डावर गावाचा नंबर. माणूस, घर, गाव — तीन पेट्या, आणि एकीतून दुसरीत जायला फक्त नंबर. एक पेटी गेली तरी उरलेल्या दोघी तिची आठवण ठेवतात. कोणता नंबर कोणत्या गावाचा ते नीळकंठरावांना पाठ होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. डॉक्टरसाहेबांनी ही पद्धत आणली तेव्हा पैनगंगा क्षयनिवारण मंडळातले मोठे लोक म्हणाले होते म्हणे, पेशंटला गोळ्या द्या, पेट्या कशाला? आज बघायला हवे होते ते.

उद्यापासून प्रत्येक कार्डाची नक्कल दुसऱ्या खोलीत. कपाट भिंतीपासून लांब आणि त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

एवढी मोठी गोष्ट झाली, पण संध्याकाळी सांगायला कोणी नव्हतं. म्हणून इथे.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. सिंधूताईंकडे हळदीकुंकू. त्यांच्याच घराची मागची खोली माझी, त्यामुळे बोलावणं टळलं नाही. बायका एकेक करून नाव घेत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि पुढे गेल्या. घ्यायला नाव कुठे आहे!

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठं असता?" म्हटलं, क्षयाच्या ऑफिसात. त्यांनी मांडीवरचं पोर हळूच दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिळगूळ मात्र दिला.

मी पेशंट पाहतसुद्धा नाही. मी कार्डं पाहते. सांगणार होते, राहिलं.

१९ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. "मिस पारस्कर, उपकेंद्रांतून तेच तेच प्रश्न येतात. तुम्ही एकदाच नीट उत्तरं लिहा. सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना पाठवू."

माझं पहिलं लिखाण! कोणी छापणार आहे!

प्रश्नांच्या चिठ्ठ्या एस.टी.च्या थैलीत थुंकीच्या बाटल्यांबरोबर येतात, नाक धरून वाचाव्या लागतात. लोणारहून — "गावात शेषराव दोन. दोघांच्या बापाचं नाव एकच. दोघांले खोकला. कोनती गोळी कोनाची?" उत्तर: नावावर जाऊ नये, नंबर पाहावा. मेहकरचे उत्तमराव विचारतात, वारलेल्या पेशंटचा नंबर रिकामा पडला आहे, नव्याला देऊ का? विचारण्याआधीच देऊन मोकळे झाले होते! मग वारलेल्याचा एक्स-रे नव्याच्या नावावर निघाला आणि त्याच्या घरी दोन दिवस रडारड. माणूस धडधाकट, ज्वारी कापत होता. उत्तर: नंबर एकदा दिला की दिला. माणूस गेला तरी नंबर त्याचाच.

पत्त्याचा घोळ सगळीकडे. तिन्ही कार्डांवर पत्ता लिहितात. घर बदललं की एकावर दुरुस्त करतात, बाकी दोहोंवर जुनाच. मग खरा कोणता? उत्तर: पत्ता फक्त घराच्या कार्डावर. एक गोष्ट एकाच जागी लिहावी.

आणि कार्ड सायकलच्या पिशवीत घालून गावोगाव फिरवणारे! मागे दुसऱ्याला ते सापडत नाही, तो नवं करतो, आणि एका माणसाची दोन होतात. उत्तर: कार्ड काढलं की त्या जागी लाल चिठ्ठी, तीवर स्वतःचं नाव. लाल चिठ्ठी दिसली की कार्ड कोणाच्या तरी हातात आहे, थांबा.

शेवटचा प्रश्न धामणगाव बढ्याच्या मोतीरामचा. "बाई, लग्न झालं न पोरीचं नाव बापानं घराच्या कार्डावून कमी केलं. आता पोरीचं कार्ड कुठं लावू? माह्या डोक्स्यावर?"

उत्तर लिहिलं: ज्या कार्डाला घर उरलं नाही ते पेटीत ठेवू नये. चिखलीस पाठवावं.

अशी कार्डं आम्ही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतो. नीळकंठरावांनी त्याचं नाव ठेवलंय बेघर डबा.

१ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी जाऊन आले. जळगाव जामोदपासून पुढे बैलगाडी. मायनं नवी वाकळ अंथरली आणि मला त्यावर बसवलं. पाहुण्यासारखं! चुलीपाशी जाते म्हटलं तर — "बस ना वं, थकून आली." बाबा गावात सगळ्यांना सांगत होते, आमच्या घरातली पहिली बी.ए., हाफिसात खुर्ची आहे तिले. लोक येऊन बघून गेले.

रात्री माय पाय चेपत हळूच म्हणाली, "एवढी शिकली न थुंकीच्या बाटल्या मोजते काय?"

मी बाटल्या मोजत नाही, मी जोडणी सांभाळते, हे तिला कसं सांगायचं? सांगून पाहिलं. ती "हाव, हाव" म्हणाली. झोपली.

६ फेब्रुवारी

दिवसभरात जे बोलले ते सगळे नंबर.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

पद्मजाला लिहिलेलं पत्र परत आलं. पाकिटावर लाल पेन्सिलीने — "या नावाचे कोणी राहत नाही."

पत्ता बरोबर आहे! अकोल्याचं तिचं सासर, मी लग्नपत्रिकेवरून उतरवला होता. खामगावच्या कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो. माझं पंचफुला हे नाव ऐकून पोरी फिदीफिदी हसायच्या, ती एकटी हसली नाही.

मग आठवलं. सासरी तिचं नाव बदललं असणार. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलं असेल. ते नाव ऐकायला मी थांबलेच नव्हते. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून आधीच निघाले होते.

माझी एकच मैत्रीण. आणि तिचं नाव मला माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर पाकीट डोळ्यांपुढे. सकाळी ऑफिसात गेले, पिशवी अडकवायच्या आधीच बेघर डबा टेबलावर पालथा केला.

पोरी. जवळजवळ सगळ्या पोरी! सोळा, सतरा, अठरा. आम्ही यांना "औषध सोडून गेलेले" म्हणून मोजतो. त्या सोडून गेल्या नाहीत. त्यांची लग्नं झाली. पहिलं नाव गेलं, बापाच्या जागी नवरा आला, आडनाव नवं, गाव नवं. तिच्या ओळखीतलं आम्ही लिहिलेलं सगळंच बदललं. कार्डावर जे जे भरतो ते बाईच्या बाबतीत एका दिवसात खोटं होतं. उरतो तो फक्त नंबर, आणि तो तिला आम्ही कधी सांगितलेलाच नाही!

आणि इकडे सासरच्या गावी नवी पेशंट म्हणून कार्ड — नाव नवं, "पूर्वी औषध घेतले नाही." गोळ्या पहिल्यापासून. काहींच्या नशिबी तेही नाही.

मी स्वतः लिहिलंय ना — घर नसलेलं कार्ड पेटीत ठेवू नये!

पुरुषाचं एकही कार्ड त्या डब्यात नव्हतं. हो, एक होतं. तो घरजावई गेला होता.

२० फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरसाहेब खुर्चीवरून उठले! ते पुण्याचे, सहसा उठत नाहीत. म्हणाले, "मिस पारस्कर, हे मंडळाला कळवलं पाहिजे. आपली गळती निम्म्याने कमी होईल."

मी नवीन उत्तर लिहून दिलं. शब्दन्‌शब्द इथे ठेवते, कारण मला अभिमान आहे:

"मुलीचे लग्न झाल्यास तिचा जुना नंबर कायम ठेवावा. माहेरी सासरचा पत्ता विचारून तेथील कार्यकर्त्यास कळवावे. त्याने घरी जाऊन, माहेरचे नाव व गाव सांगून खात्री करून घ्यावी व औषध पुन्हा सुरू करावे."

सगळ्या केंद्रांना गेलं. घरी येताना पोस्टापाशी उगाच उभी राहिले. पद्मजा असती तर तार केली असती.

१ मार्च, सोमवार

मोतीरामचा निरोप — "अंबू किसनराव, नंबर ध-११४. औषध अर्धं झालं होतं. मार्गशीर्षात लगन झालं. जळगाव जामोदकडे देली. सासरी आशा म्हनतात. तिकडच्या कार्यकर्त्याले, दयारामले कळवतो."

पहिली सापडली!

९ मार्च

पाच सापडल्या. डबा हलका वाजतो आता.

१६ मार्च, मंगळवार

लिहू की नको.

दुपारी एक गृहस्थ आले. डोक्याला फेटा, पायांत धूळ. "कार्डावाली बाई कोन?" मी उठले, उत्साहाने उठले! वाटलं, कोणी आभार मानायला आलंय.

किसनराव. अंबूचे वडील.

ओरडले नाहीत. बाकावर बसले आणि जमिनीकडे पाहत सांगितलं. "तुमचा दयाराम तिच्या सासरी गेला. ओट्यावर पाव्हने बसेल होते. त्यानं सायकल लावली न इचारलं, धामणगावची अंबू इथंच देली काय, तिची क्षयाची गोळी राह्यली. सासू म्हने, आमच्याकडं अंबू नाई, आशा हाय. तं हा म्हने, तेच ते, हा पाहा नंबर."

मी विचारलं, मग?

"मंग काय. दुसऱ्या दिवशी आनून घातली. गाठोडं ओट्यावर ठेवलं न गाडी फिरवली. पानीबी नाई पेले आमच्या घरचं."

नीळकंठरावांनी पाण्याचा पेला पुढे केला. किसनरावांनी तो हातात धरून ठेवला. "खोकला गेला होता पोरीचा. आमाले वाटलं, गेला म्हंजे गेला. फसवाचं नोतं कोनाले. आता तिचं कार्ड फाडा बाई."

म्हटलं, कार्ड फाडलं तर औषध कसं चालू राहील?

"औषध खाते कोन? गोठ्यात फेकून देते गोळ्या. म्हनते, गोळी खाल्ली का पुन्हा अंबू होते मी."

कार्ड फाडलं नाही. त्यांच्या देखत पेटीत घातलं. ते उठून गेले. पेला भरलेलाच होता.

१७ मार्च

होळी. बाहेर हलगी वाजतेय. दार लावून बसले.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "लपवून लग्न केलं ही त्यांची चूक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." दयारामला मी कालच तार करून बोलावून घेतलं होतं. बिचारा कागद घेऊनच आला. बोट ठेवून दाखवलं — "घरी जाऊन, माहेरचे नाव व गाव सांगून. तुमीच लिवलं ना बाई? मी तं शब्द बी इकडचा तिकडं केला नाई."

नाही केला. खरंच नाही केला.

तो कागद सगळ्या केंद्रांत भिंतीला चिकटवलाय. आजच सगळीकडे कळवलं, ते उत्तर खोडा.

२८ मार्च, रविवार

धामणगाव बढ्याला गेले. डॉक्टरसाहेबांना न सांगता. बुलढाण्याला गाडी बदलली, मोताळ्यापुढे रस्ताभर धुरळा.

मोतीराम स्टँडवर होता. "बाई, आत जाताना कोनी इचारलं तं म्हना शाळेच्या बाई हाय." आता शहाणपण आलंय आम्हा सगळ्यांना.

किसनरावांच्या अंगणात बाजांवर कुरड्या घालणं चाललं होतं. बायका, पोरी, गलका. अंबू बाजूला भिंतीला टेकून. तिला कोणी चिकाला हात लावू देत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. बायका आमच्याकडे वळून पाहत कुरड्या घालत राहिल्या.

"तुमीच काय थ्या नंबरवाल्या बाई?"

हो म्हटलं.

"मले वाटलं म्हातारी असान. चष्मा असान." मग एकदम म्हणाली, "सासरी आशा म्हनत होते. मले आवडत होतं. अंबू खोकलत होती, आशा नोती खोकलत. तुमच्या मानसानं त्या अंबूले दारात आनून उभं केलं."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही. मी औषधाचं सांगितलं — अर्धवट सोडलं की रोग परततो, घेत राहिलं तर कोणाला लागणही होत नाही, पूर्ण बरी होशील. सगळं पाठ आहे मला. ती ऐकत होती. म्हणाली, "माह्याबद्दल कोनाले सांगाचं हे तुमी मले काऊन नाई इचारलं? गाव इचारलं, बाप इचारला, वजन इचारलं. हे एक नाई इचारलं."

मग तिनेच पुढे विचारलं.

"तुमाले झाला असता क्षय, तं तुमी कोनाले सांगा म्हनल्या असत्या?"

मी विचार करायला लागले. खरंच विचार करायला लागले.

"माय?"

माय घाबरेल, म्हटलं.

"मैतरीन?"

म्हटलं, तिचं सासरचं नाव मला माहीत नाही.

ती माझ्याकडे वळली. "म्हंजे? कोनीच नाई?"

मग मी काय काय सांगून बसले! परत आलेलं पत्र, मागची खोली, संध्याकाळी एकटीचा चहा, आणि बेघर डबा. तिला दिलासा द्यायला गेले होते मी! अंबू हसली. पहिल्यांदा. "अव माय, मंग तं तुमचंबी कार्ड त्याच डब्यात टाका."

निघताना गोळ्यांची पुडी तिच्याजवळ ठेवली. तिनं हात लावला नाही. तिचा नंबर सांगितला — ध-११४, कुठल्याही केंद्रावर सांग, नाव काही सांग, गोळी मिळेल. मी अंगणाच्या फाटकाशी पोचले तेव्हा मागून — "नाव काय तुमचं?"

पंचफुला.

"खरंच?"

खरंच.

"माह्या आजीची म्हैस होती पंचफुला. लय दूध दे."

चिखलीला आल्यापासून माझं नाव कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

५ एप्रिल, सोमवार

आज भांडले. डॉक्टरसाहेबांशी!

नवं कार्ड आखून नेलं. त्यावर एक रकाना जादा: कळवायचं माणूस. पेशंटने स्वतः सांगितलेलं एकच माणूस. त्याच्याखेरीज कोणाच्याही दारात पेशंटचं नाव घ्यायचं नाही. घर, गाव, नाव काही बदलू दे. नंबर तिच्याजवळ राहील, तोंडपाठ. ती ज्या केंद्रावर येऊन नंबर सांगेल तिथे तिला पुढच्या गोळ्या. आपण होऊन शोधायला जायचं नाही.

"आणि जी येणारच नाही ती?"

मी आखलेलं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं.

"ती मरेल, मिस पारस्कर. तुमचा रकाना रिकामा राहील आणि ती मरेल."

म्हटलं, साहेब, आपण शोधून काढलेलीही गोळ्या गोठ्यात फेकतेच आहे.

त्यांनी कार्ड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "सहा महिने करून बघू." सही केली. मी बाहेर आले तेव्हा नीळकंठराव दाराला कान लावून होते, पण त्यांनी पेन्सिल शोधत असल्याचं दाखवलं.

डॉक्टरसाहेब चुकत नाहीयेत, तेच तर वाईट आहे.

२० एप्रिल, मंगळवार

मोतीरामची चिठ्ठी. "अंबू घरी नाई. कुठं गेली कोनी सांगत नाई. बापाले ठाव असन. गोळ्याची पुडी घरात नाई. नेली का फेकली देव जाने. बाई, शोधू काय?"

लिहिलं: शोधू नये.

लिहून पेन खाली ठेवलं आणि टाकीवर जाऊन तोंड धुतलं.

नीळकंठरावांनी ध-११४ काढून विचारलं, "हे बेघर डब्यात?" त्यांच्या हातातून घेतलं. त्याच्या जागी लाल चिठ्ठी लावली, तीवर माझं नाव. कार्ड माझ्या खणात. कोणाच्या तरी हातात आहे, थांबा.

३ मे, सोमवार

"आठवड्यापेक्षा जास्त लाल चिठ्ठी ठेवू नये." हे माझंच उत्तर. नीळकंठराव कागद वाचून दाखवत होते, मुद्दाम मोठ्याने. म्हटलं, काका, राहू द्या. ते राहू देतात. आज त्यांनी जेवणाच्या डब्यातून आणलेली आंब्याची फोड माझ्या टेबलावर ठेवली आणि हवापाण्याबद्दल बोलले.

१२ मे, बुधवार

ऊन असं की पेटीची कडी हाताला पोळते. ऑफिसात मी एकटी, नीळकंठराव पुतणीच्या लग्नाला.

घराच्या कार्डामागे नातेवाईक लिहिलेले असतात. आत्या, मावशी, मामा, कोण कुठे दिलेली. किसनरावांच्या घराचं कार्ड काढलं. उलटं करायचं फक्त. उलटं केलं की एक-दोन गावांची नावं, एक निरोप, आणि कळेल तरी, जिवंत आहे की नाही. खोकतेय की नाही.

उलटं केलं नाही. पेटीत ठेवलं.

हे धैर्य आहे की भेकडपणा, कोणाला विचारू? नवं कार्ड पाहिलं. कळवायचं माणूस. सरावासाठी म्हणून त्यात माझं नाव भरून पाहत होते, त्या रकान्यापाशी थांबले. अंबूने विचारलं होतं तेव्हा थांबले होते तिथेच.

१८ मे

सिंधूताई म्हणाल्या, "तुम्ही झोपेत नंबर बोलता."

२४ मे, सोमवार

मेहकरच्या थैलीत एक कार्ड. अक्षर उत्तमरावांचं.

ध-११४. नाव — अंबू. गाव कोरं. घर कोरं. गोळ्या — मार्चअखेरपासून रोज, खंड नाही.

कळवायचं माणूस — पंचफुला, चिखली.

त्याच्यापुढे पट्टीने आखलेला एक आणखी रकाना. तो मी ठेवला नव्हता. मागे उत्तमरावांनी लिहिलंय, पेशंटबाईनं हट्ट धरला म्हणून आखला, माफी असावी.

नातं — मैत्रीण.

लाल चिठ्ठी काढली.